खाऱ्या पाण्याच्या टाकीचा तळ आणि आपल्या पुळणीवरची वाळू

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

कोकणात शोभेचे मासे पाळण्याची हौस जुनीच आहे, परंतु अलीकडे तिला एक नवे वळण मिळाले आहे. गोड्या पाण्यातील गोल्डफिश आणि गप्पी यांच्यापलीकडे जाऊन समुद्राच्या पाण्यातील प्रवाळांची टाकी घरात किंवा निवास-न्याहारीच्या ओसरीवर ठेवण्याकडे काही हौशी मंडळींचा कल दिसू लागला आहे. अशी टाकी उभी करताना दिवे कोणते, पंप किती ताकदीचा, स्किमर (पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) कुठल्या मापाचा यावर महिनोन्महिने खल होतो आणि पैसाही सढळ हाताने खर्च केला जातो. टाकीच्या तळाशी काय घालायचे हा प्रश्न मात्र "समोर एवढी पुळण पसरली आहे, त्यातली दोन घमेली आणू" एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो. वस्तुतः संपूर्ण टाकीत मागाहून बदलायला सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल, तर ती तळाची वाळू. दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो. पण वर्षभर मुरलेला तळ उपसायचा म्हणजे त्यात साठलेली सगळी घाण पाण्यात मिसळू द्यायची आणि माशांसकट प्रवाळांचा जीव धोक्यात घालायचा. म्हणूनच हा विषय आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे थोडा सविस्तर मांडण्याची अनुमती असावी.

प्रवाळभित्तीच्या परिसरातील निसर्गतः पांढरी दिसणारी वाळू आणि आपल्या किनाऱ्यावरील वाळू यांची कुळेच वेगळी आहेत. लक्षद्वीपसारख्या बेटांवरील वाळू ही जवळजवळ संपूर्णपणे सजीवांनी घडवलेली असते. प्रवाळांचे झिजलेले सांगाडे, शंख-शिंपल्यांचे तुकडे, हॅलिमिडासारख्या चुनखडी साठवणाऱ्या शेवाळाच्या चकत्या आणि पोपटमाशांनी प्रवाळ खरवडून, दळून बाहेर टाकलेला भुगा हे तिचे घटक होत. मोठ्या जातीचा एकेक पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. या वाळूचा मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्यातही बव्हंशी अ‍ॅरागोनाइट या स्फटिकरूपातला असतो. आपली वाळू सह्याद्रीच्या खडकांतून आलेली आहे. रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बेसाल्टचा आणि जांभ्याचा चुरा नद्यांनी व लाटांनी आणून टाकलेला आहे. अलिबागची वाळू काळपट दिसते ती त्यामुळेच. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि मिऱ्या परिसरातील वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजे आहेत. दक्षिणेकडे सरकत सिंधुदुर्गात गेले की वाळू उजळ होत जाते. पण तिचा तो उजळपणा प्रामुख्याने क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकेचा असतो. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणीच आहेत. तेव्हा मालवणची वाळू पांढरी दिसते म्हणून ती प्रवाळांना मानवेल, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

हा फरक ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. चिमूटभर वाळू गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पांढऱ्या कागदावर पसरावी आणि कागदाच्या खालून साधे लोहचुंबक फिरवावे. रत्नागिरीकडच्या काळसर वाळूतील बारीक काळे कण चुंबकाच्या मागोमाग सरकतात, एकमेकांना चिकटून केसांसारखे ताठ उभे राहतात आणि चुंबक थांबले की थांबतात. तो मॅग्नेटाइट होय. दुसऱ्या चिमटीवर व्हिनेगरचे चार-सहा थेंब टाकावेत. कण चुनखडीचे असतील तर त्यांच्यावर लगेच बारीक बुडबुडे उठतात. आपल्या वाळूत हे बुडबुडे कोठे दिसतात याकडे भिंगातून नीट पाहिले, तर ते फक्त शिंपल्यांच्या तुकड्यांवर दिसतात आणि काळे व काचेसारखे कण शांत पडून राहतात. अस्सल अ‍ॅरागोनाइट वाळूची चिमूट मात्र सगळीच्या सगळी फसफसते.

आता या वाळूने टाकीचे नेमके काय बिघडते, हे मोजूनमापून सांगितले पाहिजे. कारण याबाबतीत अतिशयोक्तीही बरीच ऐकू येते. क्वार्ट्झची वाळू टाकीत विरघळून तपकिरी शेवाळाचा, म्हणजे डायटमचा, उपद्रव होतो असे सर्रास सांगितले जाते. त्यात फारसे तथ्य नाही. क्वार्ट्झ समुद्राच्या पाण्यात इतक्या मंद गतीने विरघळते की टाकीच्या आयुष्यात त्याचा हिशेब धरण्याचे कारण नाही. बेसाल्ट आणि जांभ्यातून झिरपून आलेल्या आपल्या विहिरींच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, आणि ते पाणी आरओने शुद्ध न करता मिठात कालवले तर डायटमला खरे खाद्य त्यातून मिळते. इल्मेनाइट हेही सहजासहजी विरघळणारे खनिज नाही; त्यामुळे ते विषारी आहे असे मी म्हणणार नाही. अडचणी वेगळ्याच आहेत. काच पुसण्यासाठी आपण जो चुंबकी ब्रश वापरतो, त्याच्या टाकीतल्या बाजूला मॅग्नेटाइटचे कण ओढून चिकटतात आणि ब्रश फिरवला की काचेवर बारीक चरे उमटतात. ते पुढे कधीही जात नाहीत आणि टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर नुकसान आणखी मोठे होते. दुसरे असे की पुळणीवरची वाळू केवळ खनिजांची नसते. मासेमारी बंदराजवळच्या किंवा खाडीच्या मुखाजवळच्या वाळूत कुजके सेंद्रिय अवशेष असतात, बोटींचे तेल असते आणि होड्यांच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग देतात, त्याचे कणही असतात. या रंगात तांब्याची संयुगे असतात. मासे थोडेफार तांबे सहन करतात, परंतु प्रवाळ, कोळंबी आणि शंख यांना अत्यल्प तांबेही प्राणघातक ठरते आणि ते एकदा टाकीत शिरले की पूर्णपणे काढणे जवळपास अशक्य असते. वाळू कितीही वेळा धुतली तरी यातले काय गेले आणि काय उरले, हे घरच्या घरी कळण्याचा मार्ग नाही.

काही मंडळी यावर शिंपल्यांचा तोडगा सुचवतात. आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करण्याची परंपरा होती आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी शिंपल्यांचा चुरा आजही मिळतो. त्यामुळे हा विचार मनात येणे साहजिक आहे, आणि तो निराधारही नाही. तिसऱ्यांची शिंपली ही मुख्यत्वे अ‍ॅरागोनाइटची असते. कालवांची शिंपली मात्र बहुतांशी कॅल्साइटची, म्हणजे त्याच रसायनाच्या कमी विरघळणाऱ्या रूपाची असते. परंतु बाजारातल्या चुऱ्यात दोन्ही मिसळलेली असतात, आतला मांसल अंश पुरता गेलेला नसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोडलेल्या शिंपलीच्या कडा धारदार व तुकडे चपटे असतात. असे चपटे तुकडे एकमेकांवर आडवे बसतात, त्यांच्या खाली अन्नाचे कण अडकतात आणि तेथे पाणी खेळत नाही. संगमरवराची चुरी आणि डोलोमाइट यांचीही विक्री होते. तेही कार्बोनेटच आहेत, पण प्रवाळांच्या टाकीतल्या सामूला (पीएचला, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेच्या पातळीला) ते जवळपास निष्क्रिय राहतात, आणि चुरीच्या जाड, टोकदार खड्यांत घाण साचण्याचा प्रश्न आहेच. रंगीत खडी या कामासाठी सर्वस्वी निरुपयोगी आहे.

अ‍ॅरागोनाइटच्या बाजूने बोलताना त्याच्या गुणांचा अवाजवी गौरव करणेही मला योग्य वाटत नाही. "ही वाळू घातली की कॅल्शियम आणि सामू आपोआप सांभाळला जातो" असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असताना त्यात अ‍ॅरागोनाइट विरघळत नाही, कारण ते पाणी आधीच त्याबाबतीत अतिसंपृक्त, म्हणजे आणखी विरघळवून घेऊ न शकणारे, असते. वाळूच्या खालच्या थरांत, जेथे जिवाणूंच्या श्वसनाने सामू उतरतो, तेथे ते थोडेफार विरघळते आणि थोडी अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) व थोडे कॅल्शियम परत पाण्यात येते. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे चुनखडीचे खडे विरघळवून टाकीला कॅल्शियम पुरवणाऱ्या उपकरणात, कार्बन डायऑक्साइड सोडून सामू ६.५ ते ६.८ पर्यंत खाली आणावा लागतो, त्याचे कारण हेच. वाढत्या दगडी प्रवाळांची गरज तळाच्या वाळूवर भागत नाही. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम ही पातळी नियमित तपासणी करून आणि वरून मात्रा देऊनच राखावी लागते. तरीही मी अ‍ॅरागोनाइटचीच शिफारस करतो, कारण ती स्वच्छ येते, तिचा कण गोलसर असतो, तिच्यात तांबे-लोखंडाची भानगड नसते आणि पांढऱ्या तळावरून परावर्तित होणारा प्रकाश खडकांच्या खालच्या बाजूच्या प्रवाळांनाही मिळतो. बहामा बेटांच्या उथळ, उबदार समुद्रात अ‍ॅरागोनाइटचे गोल कण पाण्यातूनच थरावर थर चढून तयार होतात. ऊलिटिक म्हणून ओळखली जाणारी ही वाळू मिळवण्यासाठी एकही प्रवाळ फोडावा लागत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कणाच्या आकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाळूचा प्रकार योग्य निवडूनही चूक होते ती येथे. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाळू दिसायला सुंदर असते, पण प्रवाळांसाठी लागणारा जोरदार प्रवाह सुरू केला की ती उडते, एका कोपऱ्यात ढीग करते आणि दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पाडते. शिवाय ती प्रवाळांवर बसते व त्यांना ती झटकण्यासाठी सतत चिकट स्राव सोडावा लागतो. उलट ३ ते ५ मिलिमीटरचा जाड प्रवाळचुरा उडत नाही, पण त्याच्या फटींमध्ये माशांची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न खोलवर उतरते, तेथेच कुजते आणि पाण्यातील नायट्रेट वाढवत राहते. जाड चुरा वापरायचा तर दर आठवड्याला सायफनने (पाण्याबरोबर घाण ओढून घेणाऱ्या नळीने) तळ उपसण्याची तयारी पाहिजे, आणि ती तयारी पहिले काही महिनेच टिकते, हे अनुभवी हौशींना सांगायला नको. बहुतेक घरगुती टाक्यांना १ ते २ मिलिमीटरची वाळू, म्हणजे साधारण जाड रव्याएवढा कण, सोयीची पडते. पंपांची तोंडे तळाकडे न रोखता पृष्ठभागाकडे किंवा समोरच्या काचेकडे वळवली की ही वाळू जागची हलत नाही.

यानंतरचा प्रश्न थराच्या जाडीचा, आणि येथे कोकणातील परिस्थितीचा विचार केल्यावाचून बाहेरचे सल्ले जसेच्या तसे उचलणे घातक ठरू शकते. मोनॅकोतील ज्यां जोबेर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जाळीवर वाळूचा थर आणि त्याखाली स्थिर पाण्याची पोकळी, अशी रचना प्रसिद्धीस आणली. पुढे अमेरिकेत पोकळीशिवाय १० ते १५ सेंटिमीटर बारीक वाळूचा खोल थर करण्याची पद्धत लोकप्रिय झाली. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. वाळूच्या वरच्या थोड्या जाडीत प्राणवायू असतो आणि तेथील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. त्याखाली प्राणवायू संपला की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात व नायट्रोजन वायू मोकळा करतात, आणि अशा रीतीने टाकीतील नायट्रेट आपोआप कमी होते. तत्त्व निर्दोष आहे. परंतु त्याहूनही खाली, जेथे नायट्रेटही संपते, तेथे सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असल्याने त्यांना तोटा कधीच पडत नाही, आणि त्यांच्या कामातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. काचेला लागून वाळूत काळे डाग दिसू लागले तर ती त्याची खूण समजावी. पांढऱ्या वाळूत ही खूण वेळेवर दिसते. पुळणीवरून आणलेली वाळू मुळातच काळसर असेल, तर ती दिसतच नाही, आणि अशा वाळूच्या विरुद्ध हाही एक मुद्दा आहे.

खोल थर शांतपणे, वर्षानुवर्षे न हलवता ठेवला तर अनेक ठिकाणी चांगला चालतो, हे मी नाकारत नाही. पण त्या सगळ्या यशाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते अखंड विजेचे. तळातील असंख्य जिवाणू आणि कृमी रात्रंदिवस प्राणवायू वापरत असतात आणि पंप त्याची भरपाई करत असतात. पंप थांबले की भरपाई थांबते. वापर चालूच राहतो. त्यात आपले हवामान उष्ण. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. म्हणजे मे महिन्यातल्या उकाड्यात, पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडलेला असताना, हाताशी असलेला साठाच कमी होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज कित्येक दिवस नव्हती, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीचे हाल केले. ही टोकाची उदाहरणे सोडली, तरी पावसाळ्यात तारांवर झाड पडून रात्रभर वीज जाणे हे कोकणात कोणाला नवीन आहे? ज्या घरात इनव्हर्टरवर टाकीचा किमान एक पंप आणि एक हवेचा पंप चालण्याची सोय नाही, त्या घरात खोल थराचा विचारसुद्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३ ते ४ सेंटिमीटरचा थर आपल्यासाठी पुरेसा आहे. त्यातही नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना भरपूर जागा मिळते, आणि नायट्रेट कमी करण्याचे काम सच्छिद्र खडकांच्या गाभ्यात होतच असते. ५ ते ८ सेंटिमीटरची मधली जाडी मात्र शक्यतो टाळावी. नायट्रेटचा पुरता निचरा व्हावा इतकी ती भरवशाची नसते आणि सायफनने सहज साफ व्हावी इतकी उथळही नसते. वाळूत राहणाऱ्या एखाद्या माशासाठी ती करायचीच झाली, तर टाकीच्या एका भागापुरती करावी.

तळ उघडाच ठेवण्याचा, म्हणजे नुसती काच ठेवण्याचा पर्यायही गांभीर्याने घेण्याजोगा आहे. अ‍ॅक्रोपोरासारख्या, जोरदार प्रवाह मागणाऱ्या प्रवाळांची टाकी करणारे अनेक जण तोच पत्करतात. घाण डोळ्यांना दिसते, सायफनने क्षणात निघते आणि पंप पूर्ण ताकदीने चालवता येतो. वीज गेली तरी तळाशी प्राणवायू खाणारे फारसे काही नसते. पण हौशी माणसाला ही टाकी रुक्ष वाटते, आणि वाळूत राहणाऱ्या प्राण्यांना तेथे थाराच नसतो. व्यवसायासाठी प्रवाळांची रोपे वाढवणाऱ्यांनी उघडा तळ ठेवावा आणि घरी सौंदर्यासाठी टाकी ठेवणाऱ्यांनी उथळ वाळू घालावी, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते.

कोणते प्राणी ठेवणार हे आधी ठरवून मग वाळू घ्यावी, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. हॅलिकोअरिस वंशातील रॅस मासे रात्री वाळूत झोपतात. संध्याकाळी दिवे मंद होऊ लागले की हा मासा तळाजवळ दोन-तीन घिरट्या घालतो, एका जागी तोंड खाली करतो, अंगाला एक झटका देतो आणि पापणी लवण्याच्या आत नाहीसा होतो. तेथे वाळूचा लहानसा उंचवटा तेवढा उरतो. जाड आणि धारदार चुऱ्यात त्याने हीच उडी घेतली तर तोंड सोलवटते, खवले निघतात आणि त्या जखमांत जंतुसंसर्ग होतो. उघड्या काचेच्या टाकीत नवीन आणलेला रॅस घाबरून कोपऱ्यात आपटत राहतो. अशा माशासाठी बारीक वाळूचा निदान ५ सेंटिमीटरचा भाग एका कोपऱ्यात तरी ठेवावा. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे गाळून टाकणारा व्हॅलेन्सिएनिया गोबी तळ स्वच्छ ठेवतो खरा, पण त्यालाही २ मिलिमीटरहून मोठा खडा चालत नाही, आणि टाकी लहान असेल तर वाळूतले खाद्य संपवून तो खंगत जातो. वाळू चाळणारा तारामासा घरगुती टाकीत याच कारणाने उपाशी मरतो. तो दुकानात कितीही आकर्षक दिसला तरी घेऊ नये. नासारियस शंख मात्र घ्यावेत. दिवसभर वाळूत बुडून असतात, नळी तेवढी वर असते, आणि अन्नाचा वास लागताच बाहेर येतात. त्यांच्या येण्याजाण्याने वाळूचा वरचा थर मोकळा राहतो.

प्रत्यक्ष कृतीबद्दल थोडक्यात लिहितो. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद तळावर ४ सेंटिमीटर थर करायचा तर सुमारे १६ लिटर वाळू लागते आणि तिचे वजन साधारण २५ किलो भरते. दुकानदार अंदाजाने चाळीस किलो गळ्यात मारतात, तेव्हा हा हिशेब आधीच करून जावा. खडक प्रथम थेट काचेवर किंवा प्लास्टिकच्या जाळीवर पक्के बसवावेत आणि वाळू त्यांच्याभोवती नंतर घालावी. वाळूवर खडक रचले तर खणणारे मासे व कोळंबी खालची वाळू उकरतात आणि केव्हातरी तो डोलारा काचेवर कोसळतो. कोरडी वाळू थोडी थोडी करून बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी, आणि शेवटचे पाणी आरओचे असावे. ओल्या पिशवीतील जिवंत वाळू धुऊ नये, कारण धुतल्याने जिवाणू जातात आणि त्यांच्यासाठीच तर तिचे जास्त पैसे मोजलेले असतात. टाकीत पाणी ओतताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर धार धरावी. पाणी एक-दोन दिवस दुधट राहिले तर घाबरू नये.

आता किनाऱ्याबद्दल. एका हौशी माणसाने नेलेली पिशवीभर वाळू म्हणजे उत्खनन नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने भरतीच्या पट्ट्यातील वाळू आणि खडक काढण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. ती ज्या कारणासाठी आहे, ते कारण वेळास आणि आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखणाऱ्या गावकऱ्यांना पुरते ठाऊक आहे. प्रवाळांच्या बाबतीत तर कायदा अधिक कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना संरक्षण आहे आणि ते केवळ जिवंत प्रवाळांना नाही. मृत प्रवाळाचा तुकडा जवळ बाळगणेही त्या कायद्याच्या कक्षेत येते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील उथळ खडकांवर पोराइटिससारखे प्रवाळ गढूळ पाणी आणि पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा लोट सोसून टिकून आहेत. लाटांनी तुटून किनाऱ्याला लागलेला त्यांचा तुकडा टाकीच्या तळाची शोभा म्हणून उचलणे हे कायद्यानेही गैर आहे आणि त्या प्रवाळांवर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या माणसाला तर मुळीच शोभणारे नाही. याच कारणास्तव, "क्रश्ड कोरल" (प्रवाळांचा चुरा) असे लिहिलेली पण कोठून आली याचा पत्ता नसलेली पिशवी दुकानातूनही विकत घेऊ नये.

येथे विक्रेत्यांची आणि शासनाची जबाबदारी सुरू होते. आज दुकानांत टाकीच्या तळासाठी मिळणाऱ्या बहुतेक सुट्या पिशव्यांवर "मरीन सँड" एवढेच लिहिलेले असते. आत अ‍ॅरागोनाइट आहे, संगमरवराची चुरी आहे, की कोठल्याशा किनाऱ्यावरची धुतलेली वाळू आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. खनिज कोणते, कण किती मिलिमीटरचा आणि माल कोठून आला, या तीन गोष्टी पिशवीवर मराठीत छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी माझी मत्स्यव्यवसाय विभागाकडे विनंती आहे. रत्नागिरीतील मत्स्य महाविद्यालय आणि झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र या दोन्ही ठिकाणी या विषयाची जाण असलेली माणसे आहेत. त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी, तिच्या तळासह, एक छोटी मराठी माहितीपत्रिका काढून ती किनाऱ्यावरील दुकानांत आणि निवास-न्याहारी चालवणाऱ्यांपर्यंत पोचवली, तर बराच घोळ टळेल. दुकानदारांनी त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. व्हिनेगरची एक बाटली, एक चुंबक आणि एक भिंग गल्ल्याशेजारी ठेवून गिऱ्हाइकासमोर वाळू तपासून देणे त्यांना आजपासूनही जमण्यासारखे आहे, आणि गिऱ्हाइकांनीही तशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

कळावे,

आपला विश्वासू,
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा एक हौशी वाचक,
रत्नागिरी